खालची खरखर

जेल रोडवर, हासानींच्या काउंटरवर दोन डबे.
एक लाल, चार इनपुटांचा, दिव्याखाली चकाकणारा.
दुसरा करडा, दोनच इनपुट, कपड्याच्या साबणाएवढा,
आणि सात हजारांनी महाग.
"छेद कम, दाम ज्यादा," हासानी म्हणाले,
"ऐसा उल्टा हिसाब कायको, दीदी?"

मी म्हटलं, एसी बंद करा. पंखापण.
शटर अर्धं ओढा.
ओळखतात मला. मुकाट्याने ओढलं.
माइक रुमालात गुंडाळला, हेडफोन घातले,
गेन शेवटपर्यंत नेला.

लाल डब्यात कोणी बाई तांदूळ पाखडत होती,
लांब कुठेतरी, न थांबता,
एकही दाणा खाली न पाडता.
करड्यात काहीच नव्हतं.
मग हासानींनी चहाचा घोट गिळला
तो माझ्या डाव्या कानातून खाली उतरला.

खरं सांगायचं तर मला चार इनपुट हवे होते.
शाळांची स्नेहसंमेलनं, मंडळातली नाटकं,
भाडं त्यातूनच निघतं,
आणि दोन इनपुटांत नाटक मावत नाही.
पण डोक्यात होती रामबागेतली जिन्याखालची खोली
जिथे विश्वंभर नेवासकर
पेटीचे सूर कानशीने घासून बसवतात.

पितळेची जीभ, नखाएवढी.
टोकाला घासली की स्वर चढतो,
मुळाशी घासली की उतरतो.
हे त्यांनी सांगितलं तेव्हा जुना डबा होता माझ्याकडे,
आणि हाती लागलं ते एवढंच:
ट्यूबलाइटचं गुणगुणणं, लॅपटॉपचा पंखा,
आणि मी चार्जर काढला त्या क्षणी
अठ्ठेचाळीस व्होल्टांनी सोडलेला जीव.
ते बोलत राहिले. वीस मिनिटं. मेलेल्या माइकशी.

हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

करडा घेतला. चार हप्ते.

मंगळवारी ट्यूब घालवून खिडकीशी बसलो.
लॅपटॉप बाहेर पायरीवर, तार दाराखालून आत.
"काही बोलू?"
नका काका. नुसतं करा.

किस, किस, किस. फुंकर.
भात्याची हवा, आणि कोमल निषाद,
अजून जरा आंबट.
किस. फुंकर. कोमल निषाद.

दुपारी त्यांनी हेडफोन घातले, टोपीवरूनच.
उजव्या कानाला वरचं काही येत नाही त्यांच्या.
खालची खरखर, लाल, करडा,
त्यांच्या लेखी सगळे चोचले.
ऐकता ऐकता एकदम हात वर केला.
"मागे घे. अजून. हां, इथे.
इथे मी कुठे जातो?"

मी ऐकलं.
कानस थांबते, स्वर लागतो,
आणि त्यांचा श्वास, जो इतका वेळ
नाकात बारीक शिट्टी वाजवत होता,
नाहीसा होतो.
सहा सेकंद. सात.
खोलीत स्वर एकटा.
मग शिट्टी परत, कानस परत.
प्रत्येक स्वराला असंच.

"ही म्हणायची,
काम करताना तुम्ही मेल्यागत बसता.
मी म्हणायचो, काहीतरीच."
बावन्न वर्षं घासतायत ते.

ती तांदूळ पाखडणारी
हे सात सेकंद भरून टाकती.

त्यांनी हेडफोन काढले, डबा तळहातावर तोलला,
उलटा करून खालचे चार स्क्रू पाहिले.
"केवढ्याला पडला?"
मी निम्मी किंमत सांगितली.
"फसवलं तुला," म्हणाले,
आणि कानस उचलली.